काचेवरची पडवी

आज सकाळी बाल्कनीत गेलो, तर खिडकीची काच बाहेरून ओली होती. आत एसी, बाहेर बहरीनचा ऑगस्ट. इथं काचांना बाहेरूनच घाम फुटतो.

इथल्या गुदैबिया भागातल्या खोलीत नवा राहायला आलो तेव्हा अशाच काचेवर मी बोटानं घर काढलं होतं. कौलं, पडवी, दारात फणस. माझ्याच खोलीत राहणारे दापोलीचे याकूबभाई शेजारी चहा पीत उभे होते.

"कोण राहणार रे यात?"

"मीच! वीस वर्षांनी पडवीत बसून पोरांना इथल्या गोष्टी सांगेन."

काचेवरच्या रेषांतून पाणी ओघळायला लागलं होतं. तिकडे बघत ते हळूच म्हणाले, "इंशाल्ला."

तेव्हा मला तो आशीर्वाद वाटला. आता वाटतं, त्यांना माझी कीव आली असावी.

गावी घर झालं. ते गणपतीपुरतं उघडतं. फणस झाडाखालीच कुजतात. आज पुन्हा काचेवर पडवी काढली आणि मुलाला हाक मारली. "अजून वीस वर्षांनी या पडवीत बसू रे आपण दोघं."

त्यानं मोबाईलमधून मान वर केली नाही.

"इंशाल्ला, बाबा," म्हणाला. न येणारा एसीवाला फोनवर म्हणतो, अगदी तसं.