निळ्या खडूची खूण

भिंत दिसली की चाचा मधलं बोट वाकवायचे, मान कलती करायचे, डोळे मिटायचे आणि बोटाच्या पेराने ठोकायचे. टक, टक, टक. मग डोळे उघडून म्हणायचे, "आवाज ऐक, वऱ्हाडी. पोकळ हाय."

मी अकोल्याचा, म्हणून वऱ्हाडी. नव्वदच्या दशकात बहरीनमधल्या एका बांधकाम कंपनीत मी ड्राफ्ट्समन होतो आणि चाचा गवंडीकामाचे फोरमन. गाव रत्नागिरीकडचं. डाव्या कानावर कायम निळा खडू. काम पसंत पडलं तर भिंतीवर बरोबरची खूण, नाही तर फुली. आमच्या साइटवर बरोबरच्या खुणा शोधाव्या लागत.

ही सवय साइटपुरती असती तर कोणाची तक्रार नव्हती. उम्म अल हस्समच्या माझ्या फ्लॅटवर ते पहिल्यांदा जेवायला आले आणि हात धुऊन परत येईपर्यंत माझ्या स्वयंपाकघरात दोन फुल्या मारून झाल्या होत्या. चौदा एप्रिलला आम्ही जयंतीचा कार्यक्रम केला, तेव्हा स्टेजलाही त्यांनी ठोकून पाहिलं आणि खालून दोन टेकू लावायला लावले. कार्यक्रमाला सहा वक्ते होते. त्यातले दोघे चांगले वजनदार होते. स्टेज हललं नाही, आणि पुढचं वर्षभर त्या कार्यक्रमाच्या यशाचं श्रेय चाचा घेत राहिले. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेलच. जवळ असलं की वैताग येतो, आणि नसलं की कोणतंच काम पुरं झाल्यासारखं वाटत नाही.

मग एका मार्चमध्ये चाची आल्या. एका महिन्याचा व्हिजिट व्हिसा, आणि चाचांच्या बहरीनमधल्या वीस वर्षांत पहिल्यांदाच. ठेंगण्या, हसऱ्या, बोलायला फटकळ. पहिल्याच भेटीत त्यांनी मला त्यांचं दुःख सांगून टाकलं. गावातलं घर त्यांनी एकटीने बांधून घेतलं होतं. चाचा इथून पत्रात नकाशे पाठवत, आणि चाची तिथे चिरे उतरवून घेत, गवंड्यांशी भांडत, पोटात धाकटा असताना भिंतींना सकाळ-संध्याकाळ पाणी मारत. आणि चाचा सुट्टीवर गेले की सामान खाली ठेवायच्या आधी खडू काढत.

"सतरा वर्षां झाली घराला," चाची म्हणाल्या. "एक भिंत पास नाय केलान. पावन्यांसमोर फुल्या मारतो. तो विमानात बसला की मी ओला फडका घेऊन पुसत बसतंय."

चाचा शेजारीच होते. त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

त्याच आठवड्यात आम्हा मराठी मंडळींची सहल ठरली. समुद्राकाठच्या जुन्या किल्ल्याजवळ उत्खननात निघालेले अवशेष पाहायचे आणि जुम्म्याच्या नमाजाआधी परत यायचं. सहलीचा प्रमुख मी. परवानगीच्या अर्जावर माझं नाव आणि माझ्या आयडी कार्डाचा नंबर होता. हे लक्षात ठेवा, कारण पुढे मला ते फार लक्षात राहिलं.

गाइड म्हणून एक निवृत्त बहरीनी शिक्षक होते. लहानपण बाब अल बहरीनच्या बाजारात भारतीय दुकानदारांच्या शेजारी गेलेलं, त्यामुळे हिंदी आमच्यापेक्षा बरी. या बेटाला ग्रीक लोक तायलोस म्हणत, एका वस्तीवर दुसरी वस्ती अशी इथे चढत गेली, हे त्यांनी छान समजावलं. मग एका खड्ड्याशी नेऊन छातीएवढी भिंत दाखवली. "ये ग्रीक टाइम की है. दो हजार साल से खडी है."

सगळ्यांनी कौतुकाने माना हलवल्या. चाचा मात्र पुढे झाले. टक, टक, टक.

"सांधे बघ, वऱ्हाडी. एकाखाली एक आलेत. कोपरा बांधलेला नाय. रिजेक्ट!"

आणि काय होतंय ते कळायच्या आत हात कानाकडे गेला आणि त्या दोन हजार वर्षांच्या दगडावर वीतभर निळी फुली उमटली.

गाइडच्या तोंडून फक्त "या अल्ला" निघालं. लांबून पहारेकऱ्याची शिट्टी वाजली आणि तो आमच्या दिशेने चालू लागला. मला डोळ्यांसमोर माझं आयडी कार्ड दिसलं, मग पोलीस स्टेशन, मग मुंबईचं एकमार्गी तिकीट. चाचांचा चेहरा पांढरा पडला होता. खडू हातातच होता, आणि तो कुठे लपवावा हेही त्यांना सुचत नव्हतं.

हलल्या फक्त चाची. त्यांनी पाण्याची बाटली उघडली, ओढणीचं टोक भिजवलं आणि चार हात फिरवून फुली साफ केली. किती जोर लावायचा, कुठून पुसायला घ्यायचं, सगळं त्यांना पाठ होतं. पहारेकरी पोचेपर्यंत ओला डागही वाळला. बहरीनच्या उन्हाने माझी बाजू घेतल्याचं मला आठवतं ते तेवढं एकदाच. गाइडनी अरबीत काहीतरी सांगितलं, पहारेकऱ्याने आम्हा सगळ्यांकडे एकेकदा डोळे वटारून पाहिलं आणि तो गेला.

"खलास," गाइड कपाळ पुसत म्हणाले. "यल्ला, बस में बैठो."

पण चाची तिथेच उभ्या होत्या. "दोन हजार वर्षां उभी हाय ती रिजेक्ट," त्या हसत चाचांना म्हणाल्या, "मंग माजी कशी पास व्हायची!" सगळे हसले. वाक्याच्या शेवटी त्यांचा आवाज फाटला, ते बहुतेकांना कळलंही नाही. चाचांना कळलं.

परतताना बसमध्ये ते माझ्या शेजारी बसले. खडू बोटांत फिरवत होते.

"त्या घराचा एक चिरा पोकळ नाय, वऱ्हाडी. माज्या हाताखाली इतके गवंडी गेले, तसा काम कोनाचा नाय."

"मग सांगा ना त्यांना!"

"सांगितला, की माजा काम संपला. घर तिनं बांधलान, पोरं तिनं वाढवलान. मी दोन वर्षांनी म्हयनाभर जानार. चुका पन नाय काढल्या, तर त्या घरात माजा काय?"



तीन वर्षांनी चाचा कायमचे गावी गेले. त्यानंतर त्यांना जेमतेम दीड वर्ष मिळालं. ते गेल्याची बातमी मला उशिरा कळली. पुढच्या सुट्टीत मी रत्नागिरीला उतरून त्यांच्या गावी गेलो. चाचींनी चहा दिला, मुलाबाळांची चौकशी केली. मी भिंतींकडे पाहत होतो. नुकताच रंग दिलेला होता, सगळं घर पांढरंशुभ्र. फक्त दारामागे हातभर चौकोन जुन्या पिवळट रंगाचा सोडलेला, आणि त्यात निळ्या खडूची बरोबरची खूण.

"कायमचा आला त्याच दिवशी केलान," चाची म्हणाल्या. "सकाळपासून घरभर ठोकत फिरला. एक पन भिंत सोडलान नाय. मंग हितं खडू लावलान नि म्हनाला, चाय दे."

"आणि तुम्ही?"

"मी काय? सवयीनं फडका भिजवून आनला व्हता." त्यांनी माझा रिकामा कप उचलला. "तो तसाच वाळत टाकला."