काय दिसतंय ते सांगा

शेवटचं भेटलो तेव्हा नलूताई दवाखान्यातल्या खाटेवर होत्या आणि मी खिडकीपाशी. "बाहेर काय दिसतंय ते सांगा," त्या म्हणाल्या. मी सांगितलं, एक गृहस्थ 'नो पार्किंग'च्या पाटीखालीच स्कूटर लावतायत. "पाटी वाचून की न वाचता?" "वाचून." "मग आपल्यातलेच," असं म्हणून त्यांनी समाधानाने डोळे मिटले. चार दिवसांनी त्या गेल्या. आता महिना झाला, पण मला आठवतात त्या खाटेवरच्या नव्हेत. लख्ख उन्हात, केशरी जाकीट घालून, माझ्यामागे सायकलवर ओरडणाऱ्या नलूताई आठवतात.

सदाशिव पेठेतल्या, भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, सत्तरी गाठलेल्या. आमच्या सायकल ग्रुपमध्ये सर्वांत मागच्याने केशरी जाकीट घालायचं आणि कोणालाही ओलांडायचं नाही, असा नियम आहे. ते जाकीट कायम त्यांच्याच अंगावर. पहिल्याच रविवारी मी भाबडेपणाने विचारलं, "ताई, दमलात का? हळू जाऊ या?" तर म्हणाल्या, "अहो, मी मागे आहे ती तुमच्यामुळे. चला."

दापोलीच्या किनाऱ्याची ती सहल म्हणजे अँजिओप्लास्टीनंतरची माझी पहिली मोठी राईड. डॉक्टरांनी परवानगी दिली होती, एकाच अटीवर: सायकल चालवताना बोलता आलं पाहिजे, बोलताना धाप लागली की उतरायचं. पण मी मुळात घुम्या. त्यात धसका असा बसलेला, की चढ आला की मला फक्त स्वतःचे ठोके ऐकू यायचे. आंजर्ल्याचा चढ आला की मुकाट्याने ग्रुपच्या मागून येणाऱ्या टेम्पोत बसायचं, असं बायकोने बजावलं होतं. मला तो चढ चढायचा होता. नाही जमला, तर वारज्याला परतल्यावर सायकल विकायची, हे मी मनाशी ठरवलंच होतं.

सकाळी मुरुडहून निघालो आणि मागून आवाज आला, "काय दिसतंय पुढे? मला या चष्म्यातून मेलं काही धड दिसत नाही!" वयस्कर बाई, नाही कसं म्हणणार? मी सुरू केलं. सुरूची झाडं… त्यांच्यामागे समुद्र. "कुठल्या रंगाचा?" हिरवा. नाही, निळा… अहो ताई, दोन्ही! हर्णैला होड्याच होड्या, प्रत्येकीवर वेगळ्या रंगाचं निशाण. काठ्यांवर वाळत घातलेले बोंबील. टोपलीसाठी भांडणाऱ्या दोन कोळणी. "कोण जिंकतंय?" जाड्या बाई! पाण्यातला सुवर्णदुर्ग दिसला तेव्हा तर मी हँडल सोडून हात केला आणि पडता पडता वाचलो. खाडीवरच्या पुलावर बगळ्यांचा थवा उठला. मी कॉमेंट्री करावी तसा ओरडत होतो. आयुष्यात एवढं एका दमात कधी बोललो नव्हतो.

चढावरही त्यांनी सोडलं नाही. "आता?" लाल माती. "आता?" काजू… मोहोर… "थांबलात का?" एकदा खरंच धाप लागली. त्या लगेच म्हणाल्या, "मला पाणी प्यायचंय, उतरा." असे तीनदा उतरलो. आणि मग झाडी संपली, खाली सगळा किनारा पसरलेला, दूर तो मघाचा किल्ला मुठीएवढा! मी चढ चढलो होतो! मी रडत होतो आणि हसतही होतो. ताई म्हणाल्या, "रडू नका, वर्णन करा."

दहा दिवसांपूर्वी जाकीट आणायला त्यांच्या घरी गेलो. भाचीला म्हटलं, बिचाऱ्यांना दिसत नव्हतं, तरी हौस केवढी. ती बघतच राहिली. "मावशीला? मोतीबिंदू काढल्यापासून बसची पाटी ती चौकातून वाचायची. तुमच्या मिसेसनी तिला डॉक्टरांची अट सांगितली होती ना, त्या सहलीआधी?"

मी जाकीट घेऊन जिन्यातच बसलो.

गेल्या रविवारी ते मी घातलं. थोडं आखूड होतं. सिंहगडाच्या घाटात बायपास झालेले एक नवे गृहस्थ माझ्यापुढे खाली मान घालून, गप्पगप्प पेडल मारत होते. घाटाखाली खडकवासल्याचं पाणी चमकायला लागलं होतं, धरणाची भिंतसुद्धा मला स्पष्ट दिसत होती.

"अहो," मी मागून ओरडलो, "खाली काय दिसतंय ते सांगा जरा. माझ्या चष्म्याचा नंबर वाढलाय."