डेपोतल्या हातांची नाव

प्रेमानंद ओव्हाळांना पाण्याची भीती वाटते, हे येरमाळ्यात कुणापासून लपलेलं नव्हतं. गडी पावणेसहा फूट उंच, आवाज असा की घरात बसून सांगितलं तरी समोरच्या दुकानातून चहा यावा. पण विहिरीत डोकावायचं म्हटलं की आधी शेजारच्या बाभळीला धरणार. तेहतीस वर्षं त्यांनी एस.टी.च्या डेपोत पत्र्याचं काम केलं. गाडीचं छत, कुशी, फरशी, दारं. जिथं ॲल्युमिनियमचा पत्रा आणि रिव्हेट, तिथं ओव्हाळ. रिटायर होऊन दोन वर्षं झाली तरी रस्त्यानं गाडी गेली की कान टवकारायचे आणि बायकोला सांगायचे, "विठा, मागच्या दाराचा पत्रा सुटलाय बघ."

"सुटू द्या," विठाबाई भाकरी थापता थापता म्हणायच्या. "तुमी बी सुटलाव न्हवं डेपोतून?"

अशा माणसाच्या दारात भर एप्रिलमध्ये एक नाव येऊन पडली. चौदा फुटी, ॲल्युमिनियमची, बुडाला पोचे, आणि मागं जाम झालेलं इंजिन. आणली होती गजराबाईनं.

गजराबाई म्हणजे गावाजवळच्या तलावावर मासे धरणारी बाई. पन्नाशी कधीच ओलांडलेली. वीस वर्षं टायरच्या ट्यूबा आणि थर्माकोल बांधलेल्या तराफ्यावर बसून तिनं खोल पाण्यातला कटला मासा धरला होता. गेल्या साली वावटळीनं तराफा उलटला. बाई पोहत काठाला लागली खरी, पण मच्छीमार संस्थेनं ठराव केला : यापुढं खोल पाण्यात धड नाव असेल त्यानंच जायचं, बाकीच्यांनी काठावर जाळं लावायचं. काठावर काय मिळतं? बोटाएवढ्या चिलाप्या! बाई वर्षभर काठावर बसून बेजार झाली होती. तिनं गाठीचं सोडलं आणि उजनीकडच्या एका भंगारवाल्याकडून ही नाव उचलली. पोळ्यानंतर पावसाळ्याची बंदी उठून जाळी सुटायच्या दिवशी चेअरमनसमोर नावेनं खोलात जाऊन कोरडं परत यायचं, तर तिची जागा तिला मिळणार. नाहीतर ती दुसऱ्याला.

"गजराबाई, म्या बसवाला," ओव्हाळ म्हणाले. "नावंतलं मला काय कळतंय?"

"अवो भाऊ, पत्रा तुमच्याच जातीचा हाय की! बसला चाकं न्हाय लावली की झाली नाव."

ओव्हाळांनी नावेवरून हात फिरवला. झालं! एकदा त्यांचा हात पत्र्यावर फिरला की माणूस कामातून गेला म्हणायचा. आधीच्या मालकानं ठिकठिकाणी लोखंडी स्क्रू पिळले होते आणि प्रत्येक स्क्रूभोवती पत्रा पांढरा पडून सडला होता. "गाढव कुठला!" ओव्हाळ त्या न पाहिलेल्या मालकावर उखडले. "ॲल्युमिनियमला लोखंडाचा शेजार सोसत न्हाय, एवढं बी कळू नये?"

गळती शोधायची त्यांची रीत डेपोतलीच, फक्त उलटी. बसच्या छतावर पाणी मारून आत बसायचं, तसं इथं नाव चार पिंपांवर चढवून आत पाणी भरायचं आणि खाली बसायचं. आता उन्हाळ्यात नळ चौथ्या दिवशी यायचा आणि ओव्हाळांनी सगळं पाणी नावेत सोडलेलं! विठाबाईंनी जो तोंडाचा पट्टा सोडला, तो पार हायवेपर्यंत ऐकू गेला. ओव्हाळ नावेखाली पाठीवर पडून निळ्या खडूनं गळणाऱ्या रिव्हेटा मोजत होते. एक्केचाळीस निघाल्या. मग विठाबाईंनीच गल्लीतल्या बायांना हाका मारल्या आणि नावेतलं पाणी घागरी भरभरून वाटून टाकलं. पुढं दर चार दिवसांनी बाया घागरी घेऊन विचारायला यायच्या, "काका, आज गळती बघायची न्हाय का?"

सडलेला पत्रा कापून नवा बसवला. पक्की रिव्हेट मारायला दोन माणसं लागतात. एकानं वरून ठोकायचं, दुसऱ्यानं खालून लोखंडी ठोकळा दाबून धरायचा. दुसरं माणूस विठाबाई. नावेखाली पोतं टाकून त्या ठोकळा धरून बसायच्या आणि वर ठण् ठण् सुरू झालं की म्हणायच्या, "लग्न झाल्यापसनं हेच चाललंय. तुमी ठोकायचं आन् म्या टेका द्यायचा."

"टेका ढिला पडला की रिव्हेट वाकडी बसती," वरून उत्तर यायचं. "तुझी एक बी वाकडी न्हाय." एवढ्यावर विठाबाई दोन दिवस खूश असायच्या.

इंजिनाचं काम ईरण्णानं केलं. हा मूळचा उमरग्याकडचा, हायवेवर इंजिनं दुरुस्त करायचा. जाम झालेलं इंजिन बघून त्यानं हात जोडले, "यप्पा! याला आता फक्त हार घाला." मग शेतात तण काढायच्या मशीनचं पेट्रोल इंजिन आणून त्याला लांब दांडा आणि शेवटी पंखा जोडला. पाण्याच्या पिंपात बुडवून चालू केलं, तर पिंप दोन मिनिटांत रिकामं आणि ईरण्णा, ओव्हाळ, गजराबाई तिघंही चिंब. गजराबाई पदर पिळत इतकी हसली की तिला ठसका लागला.

पोळा झाला. तलाव भरला. शेवटची गळती पाहिली तेव्हा थेंबही खाली आला नाही. जाळी सुटायच्या आदल्या दिवशी विठाबाईंनी नाव धुऊन काढली आणि त्या स्वयंपाकाला आत गेल्या. ओव्हाळ लाल पट्ट्यावर शेवटचा हात मारत होते. बघतात तर मागच्या कोपऱ्यात धुतलेलं पाणी साठलेलं. त्यांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी ड्रिल काढलं, त्या कोपऱ्यात तळाला करंगळीएवढं भोक पाडलं, कानसीनं कडा गुळगुळीत केल्या, वरून रंगाची सुरेख रिंग दिली. पाणी सुर्रकन निघून गेलं. तेहतीस वर्षं त्यांनी प्रत्येक बसच्या फरशीला हेच केलं होतं. समाधानानं हात धुतले आणि जेवायला बसले.

सकाळी तलावावर ही गर्दी! गजराबाई नावेत चढली आणि म्हणाली, "भाऊ, बसा."

"म्या? म्या कशाला?"

"वैनी म्हणल्या, डेपोत ज्यानं गाडी जोडली त्यानंच ट्रायलला बसायचं असतंय म्हणून."

ओव्हाळांनी विठाबाईंकडं पाहिलं. त्या आभाळाकडं बघत होत्या. सगळ्या गावासमोर माघार कशी घ्यायची? ओव्हाळ चढले आणि मागच्या बाकावर इंजिनाकडं तोंड करून, डोळे मिटून बसले. इंजिन फटफटलं, नाव सुटली, काठावर शिट्ट्या वाजल्या.

थोडं पुढं गेल्यावर पायाला गार लागलं. ओव्हाळांनी डोळे उघडले. त्यांनीच पाडलेल्या भोकातून पाणी उसळत होतं. कारागिरी इतकी सुबक की धार जराही वाकडी नव्हती. त्यांनी ओरडायला तोंड उघडलं आणि समोर गजराबाई दिसली. दांडा धरून ताठ बसलेली, वाऱ्यानं पदर उडतोय, आणि चेहरा असा की लेक सासरहून आलीय. ओव्हाळांनी तोंड मिटलं आणि उजवी टाच भोकावर दाबून धरली. जाताना दाबली, खोलात खुणेला रोवलेल्या बांबूला वळसा घालताना दाबली, येताना दाबली. मांडीला गोळे आले तरी हलले नाहीत.

काठाला ज्ञानोबा चेअरमननं वाकून पाहिलं. कोपऱ्यात ओंजळभर पाणी. "एवढं तर जाळ्याचं बी येतंय. पास!" गजराबाईनं टाळ्या पिटल्या. ओव्हाळ मात्र उठेनात.

"उतरा की भाऊ!"

ओव्हाळांनी टाच उचलली. धार वीतभर वर उडाली. "चेअरमनसाहेब, नावंचा दोष न्हाय. हे भोक म्या पाडलंय. बसला पाडतेत तसं."

आणि काठावर जो हशा पिकला! ज्ञानोबा तर काठावर फतकल मारून बसला. पण डोळे पुसून म्हणाला, "नियम म्हंजे नियम. भोकाची नाव पास न्हाय. दिस मावळायच्या आत बुजवा, न्हायतर जागा गेली."

गजराबाई उसळली. "अवो, झाली व्हती की पास! टाच उचलायची काय गरज व्हती तुमाला? घरी नेऊन गुपचूप बुजवली असती!"

"आन् इसरलो असतो तर?" ओव्हाळ म्हणाले. "उद्यापसनं तुमी एकट्या जाणार. तवा टाच कुणाची?"

गजराबाईनं पदर खोचून नावेला हात घातला. गल्लीतल्या बायांनी मिळून नाव काठावर ओढून कलती केली. हत्यारांची पिशवी ओव्हाळांच्या खांद्याला होतीच. पत्र्याचं ठिगळ कापलं, फटी बुजवायचं लुकण भरलं, विठाबाई चिखलात बसून ठोकळा धरून तयार. आठ रिव्हेटा. एकही वाकडी नाही.

दुसऱ्या फेरीला ज्ञानोबा स्वतः चढला. "ओव्हाळ, आता म्या हाय. तुमी ऱ्हायलाव तरी चालतंय."

ओव्हाळ मागच्या बाकावर जाऊन बसले. या खेपेला डोळे उघडे.

बांबूपाशी गजराबाईनं इंजिन बंद केलं. ज्ञानोबानं कोपऱ्यातल्या ठिगळावरून हात फिरवला आणि कोरडा तळवा तिला दाखवला. "घ्या. खोल पाणी तुमचं."

गजराबाईचा हात नावेबाहेर पाण्यात गेला आणि तिथंच राहिला. वर्ष झालं होतं या पाण्याला हात लावून. मग तिनं वर पाहिलं. ओव्हाळ दोन्ही हातांनी बाक धरून खालच्या हिरव्याकाळ्या पाण्याकडं बघत होते. तळ कुठं दिसत नव्हता.

"भ्या वाटतंय का, भाऊ?"

"लई."

"मग वळवू का काठाला?"

ओव्हाळांनी एक हात बाकावरून सोडवला आणि पायाशी पडलेलं जाळं तिच्याकडं सरकवलं.

"न्हाय. आधी जाळं टाका."