भिंतीवरचे पाय

शहर सोडायच्या आदल्या दिवशी बूटमावशींकडे कामांची यादी होती आणि पहिल्याच कामाने त्यांचं डोकं फिरवलं. गॅसची जोडणी परत करायची होती. सत्तावीस वर्षांपूर्वीचा मूळ कागद त्यांनी घडीवर चिकटपट्टी लावून जपून ठेवला होता. खिडकीतल्या माणसाला तो त्यांच्याकडे नसेलच अशी खात्री असावी, कारण कागद समोर आल्यावर त्याचा चेहरा पडला. त्याने तो उजेडात धरला, उलटसुलट केला आणि शिक्का पुसट झालाय म्हणाला. सत्तावीस वर्षांत मीही पुसट झालेय, पण अजून कोणी मला परत पाठवलेलं नाही, असं मावशींनी त्याला ऐकवलं. मागच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. शेवटी त्याने कागद घेतला, पण पावतीसाठी चार वाजता पुन्हा यायला सांगितलं.

तिथून त्या पोस्टात गेल्या. टपाल नव्या पत्त्यावर वळवण्याचा फॉर्म दोन प्रतींत भरायचा होता. त्यांनी भरला, आणि मग खिडकीतल्या बाई म्हणाल्या की हल्ली एकच लागतो. उरलेला फॉर्म मावशींनी पिशवीत कोंबला. तेवढ्यात ताईचा फोन आला. ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण, चार वर्षांपासून एकटी राहणारी. दोघी आता एकत्र राहणार होत्या, म्हणून तर हे सगळं चाललं होतं. सकाळपासूनचा तिचा हा तिसरा फोन. उशा आणू नकोस, इथे ढीगभर आहेत, असा निरोप होता. मावशींनी उशा कालच बांधून ठेवल्या होत्या. बरं, म्हणाल्या आणि फोन ठेवला.

पुढचं काम मोठ्या दवाखान्यात होतं. तेहेतीस वर्षं त्यांनी तिथे नोकरी केली होती. तळमजल्याच्या मागच्या बाजूला, कपडे धुण्याच्या खोलीला लागून, बूटखातं होतं. ज्यांचे पाय बाजारातल्या बुटांत बसत नाहीत, अशांसाठी तिथे बूट बनत. कोणाचा एक पाय आखूड, कोणाचा आत वळलेला, कोणाची अर्धी बोटं गेलेली. मावशी अशा प्रत्येक पायाचं माप घ्यायच्या, प्लास्टरचा ठसा काढायच्या आणि त्यावरून लाकडाचा फर्मा तासायच्या. फर्मा म्हणजे हुबेहूब त्या माणसाचं पाऊल. बूट त्याच्यावरच चढवायचा, ठोकायचा, शिवायचा. एक फर्मा नीट उतरायला तीन-तीन दिवस लागत. तळाला त्या पेन्सिलीने माणसाचं नाव लिहीत आणि वरून मेण चोळत. मावशी तशा मूळच्या तापट. माप घेताना कोणी पाय हलवला तर त्याची खैर नसे. पण फर्मा चुकला तर त्या बूट कधीच हातात देत नसत, पुन्हा पहिल्यापासून सुरू करत.

दीड वर्षापूर्वी बूटखातं बंद झालं. बाहेरून तयार बूट येणार, लहान, मध्यम आणि मोठा अशा तीन मापांत, असं ठरलं. मावशी बैठकीत उभ्या राहून खूप बोलल्या. तुमच्या भावना आम्ही समजतो, असं उत्तर मिळालं. निदान फर्मे सांभाळून ठेवू, म्हणजे कोणाला बाहेर बूट करून घ्यायचे असतील तर उपयोगी पडतील, एवढं मात्र सगळ्यांसमोर कबूल झालं. मावशींनी स्वतः चव्वेचाळीस फर्मे पुसून कपाटात लावले, यादी करून दाराला आतून चिकटवली आणि चावी कचेरीत दिली.

आज त्यांना फक्त नोकरीचा दाखला न्यायचा होता. तीन महिने हेलपाटे झाले होते. दवाखान्याचं पुढचं दालन मात्र पार बदललेलं होतं. नव्या फरशा, नव्या खुर्च्या आणि समोरच्या भिंतीवर पिवळ्या दिव्यांच्या उजेडात काहीतरी चकचकीत टांगलेलं. मावशींच्या डोळ्यांवर वाचायचा चष्मा होता, लांबचं धूसर दिसत होतं. त्या भिंतीच्या अगदी जवळ गेल्या तेव्हा कळलं.

ते त्यांचे फर्मे होते. सगळेच्या सगळे. वर तांबूस व्हार्निश फासलेलं. टाचेतून आरपार भोक पाडून, खिळ्यांवर टांगून, पोहणाऱ्या माशांच्या झुंडीसारखे तिरपे लावलेले. खाली पितळी पाटीवर कोरलं होतं: आमच्या कारागिरीचा वारसा.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती त्यांच्या बाबतीत त्या दिवशी खरोखर गेली. त्यांना एकेक पाऊल ओळखू येत होतं. वरच्या रांगेत शिवणवाल्या बाईंचा डावा पाय, ज्याच्या अंगठ्याला त्यांनी चार वेळा लाकूड चढवलं होतं. शेजारी शाळेतल्या शिपायाचा. मध्ये जुळ्या बहिणींतल्या एकीचा. आणि खाली कोपऱ्यात कंडक्टरचा.

आणि त्या फर्म्याच्या बरोबर खाली, खुर्चीवर, कंडक्टर स्वतः बसला होता.

तो नऊ वर्षांचा असताना आईच्या कडेवरून बूटखात्यात आला होता. उजवा पाय दीड इंचाने आखूड आणि टाच जमिनीला न टेकणारी. तेव्हापासून त्याचा प्रत्येक बूट मावशींनी केला. त्या बुटांवर तो शाळेत गेला, बसमध्ये नोकरीला लागला आणि सतरा वर्षं उभ्याने तिकिटं फाडली. आता त्याच्या पायात दवाखान्याचा मध्यम मापाचा काळा बूट होता, मागून कापलेला, आणि कापलेल्या जागेत कापूस.

मावशींना पाहून तो धडपडत उठला. त्यांनी त्याला खांदा दाबून बसवलं, बूट काढायला लावला आणि पाय मांडीवर घेऊन पाहिला. घोट्याखाली रुपयाएवढी जखम होती, भरून येऊन पुन्हा फुटलेली. मग हळूहळू सगळं कळलं. उभं राहवत नाही म्हणून त्याला बसवरून काढून डेपोत कागदं लावायला बसवलं होतं. बाहेर बूट करून घ्यावा म्हणून त्याने इथे दोनदा फर्मा मागितला होता. शोधून सांगतो, असं त्याला म्हणाले होते.

"तुला दिसला नाही हा?" मावशींनी वर बोट दाखवलं.

कंडक्टरने मान वर केली. त्याने स्वतःचं पाऊल या बाजूने कधी पाहिलेलंच नव्हतं. बराच वेळ तो बघत राहिला. मग म्हणाला, "जाऊ द्या मावशी. चांगले दिसतायत."

हे 'जाऊ द्या' मावशींना पाटीपेक्षाही जास्त लागलं. त्यांनी पिशवी खाली ठेवली, दारावरच्या पहारेकऱ्याला हाक मारली आणि स्टूल आणायला सांगितलं. पहारेकरी जुना होता. त्याच्या सासूचे बूट मावशींनीच केले होते. कशाला, असं त्याने विचारलं नाही. स्टूल आणलं आणि स्वतःच धरून उभा राहिला.

त्यांनी कंडक्टरचा फर्मा उतरवला तोवर व्यवस्थापिका येऊन पोहोचल्या. नव्या होत्या, तरुण होत्या, बोलणं अगदी गोड. त्यांनी मावशींना मॅडम म्हटलं, खाली उतरायची विनंती केली आणि समजावून सांगितलं की ही दवाखान्याची मालमत्ता आहे, भिंत तज्ज्ञांकडून करून घेतली आहे, पाहुण्यांना फार आवडते.

"लोक फोटो काढतात याचे, मॅडम."

"काढू देत," मावशी स्टुलावरूनच म्हणाल्या. "फोटो पायात घालता येत नाही. ज्याचा हा पाय आहे तो माणूस तुमच्यासमोर बसलाय, त्याला विचारलंत तुम्ही?"

व्यवस्थापिकांनी कंडक्टरकडे पाहिलं, त्याच्या उघड्या पायाकडे पाहिलं आणि मग फर्म्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावरून मावशींना कळलं की ही लाकडं कोणा खऱ्या माणसांची पावलं आहेत, हे त्यांना आजवर कोणी सांगितलंच नव्हतं. क्षणभर त्या गोंधळल्या. पण मग त्यांनी हाडांच्या मोठ्या डॉक्टरांना फोन लावला.

मोठे डॉक्टर खाली आले. वीस वर्षं त्यांनी चिठ्ठ्या लिहायच्या आणि मावशींनी बूट करायचे, असा दोघांचा संसारच होता म्हणा ना. मावशींना वाटलं, आता हा माणूस दोन शब्द बोलेल. डॉक्टर जमिनीकडे बघत म्हणाले की निर्णय वरून झाला होता, आपलं कोणी ऐकत नाही.

"भिंतीच्या उद्घाटनाची फीत कोणी कापली?" मावशींनी विचारलं.

"बोलावलं म्हणून आलो होतो."

"तेव्हा वर मान करून पाहिलंत?"

मावशी सांगतात, की त्यांचा व्यवस्थापिकांवरचा राग तासाभरात ओसरला. त्या बिचारीला माहीत नव्हतं. डॉक्टरांना माहीत होतं. त्यांच्या हाताखालून गेलेले हे पाय, आणि त्यांनी हात झटकून टाकले. हा राग मात्र आजतागायत गेलेला नाही.

व्यवस्थापिकांनी शेवटचा उपाय म्हणून लेखी अर्ज करायला सांगितलं, मंजुरीला महिना लागेल म्हणाल्या. मावशी खुर्चीवर बसल्या, पिशवीतून पोस्टाचा उरलेला फॉर्म काढला आणि त्याच्या कोऱ्या पाठीवर अर्ज लिहिला. चव्वेचाळीसपैकी बरेच जण आता या जगात नव्हते, काही गाव सोडून गेले होते. जे इथे आहेत आणि ज्यांना बूट लागतात, असे नऊ जण त्यांना तोंडपाठ होते. नऊ नावं लिहिली, खाली सही केली आणि कागद व्यवस्थापिकांच्या हातात दिला.

"अर्ज झाला. मंजुरी तुम्ही सावकाश द्या. मी उद्या गाव सोडतेय, मला थांबता यायचं नाही."

आणि त्या पुन्हा स्टुलावर चढल्या. त्यांना अडवायचं तर स्टूल ओढावं लागलं असतं, आणि ते धरून पहारेकरी उभा होता, छताकडे बघत. दालनातले लोक पाहत होते. नऊ फर्मे पिशवीत मावेनात, तेव्हा कंडक्टरने अंगातलं जाकीट काढून त्याचं गाठोडं बांधलं. नोकरीचा दाखला राहिला तो राहिलाच.

दोघं रिक्षात बसले. कंडक्टर म्हणाला, पाणी पिऊ या. त्या नको म्हणाल्या. त्यांना एकच माणूस आठवत होता, जुन्या बाजारामागच्या गल्लीत बूट शिवणारा, सगळे ज्याला खडूस म्हणत. वीस वर्षांपूर्वी त्याने मावशींचा एक बूट हातात घेऊन, हा बूट आहे की वीट, असं चार लोकांत विचारलं होतं. तेव्हापासून दोघांचं बोलणं नव्हतं. पण गावात हाताने बूट करणारा तोच उरला होता.

खडूस दुकानाच्या पायरीवर चामडं भिजवत बसला होता. मावशींनी गाठोडं सोडलं. त्याने एक फर्मा उचलला, कुशीवर फिरवला, अंगठ्याने कमान चाचपली, आणि टाचेवर येऊन त्याचं बोट थांबलं.

"हे भोक कोणी पाडलं?"

मावशींनी सांगितलं. खडूस ऐकत राहिला. मग त्याने दवाखान्याच्या, व्यवस्थापिकांच्या आणि भोक पाडणाऱ्या सुताराच्या नावाने असं काही तोंड सोडलं की मावशींना दिवसभरात पहिल्यांदा बरं वाटलं. लाकूड भरून टाच पुन्हा तासून देतो, म्हणाला. व्हार्निश घासून काढावं लागेल. नऊ जणांचं एकट्याने होणार नाही, पण होतील तेवढे करतो. मावशींनी त्याच्याकडून एक कागद मागून त्यावर नऊ पायांच्या खोडी लिहून दिल्या: कोणाला टाचेखाली मऊ लागतं, कोणाला फीत चालत नाही. लिहून होईतो पाच वाजले. गॅसची खिडकी केव्हाच बंद झाली होती.

दुसऱ्या दिवशी त्या गेल्या.

पुढे झालं ते असं. खडूसने तीन महिन्यांत पाच जणांचे बूट केले. दोघांचा पत्ताच लागला नाही. शिवणवाल्या बाई म्हणाल्या, आता वय झालं, सपाता पुरे. जुळ्यांतली एक अजून रांगेत आहे. दवाखान्याने ताईच्या पत्त्यावर एक पत्र पाठवलं, सजावटीच्या वस्तू विनापरवाना नेल्याबद्दल खुलासा मागणारं. मावशींनी उलट लिहिलं की त्या वस्तू ज्यांच्या आहेत त्यांच्या पायांत आहेत, तिथे येऊन तपासाव्या. त्यावर काही उत्तर आलं नाही. पहारेकऱ्याकडून मात्र कळलं, की भिंतीवरच्या नऊ रिकाम्या जागी बाजारातून आणलेले यंत्रावरचे नऊ फर्मे टांगलेत, सगळे एकाच मापाचे. लोक अजून फोटो काढतात. कोणालाही फरक कळलेला नाही. हे सांगताना मावशींचा आवाज इतका चढतो की ताई उठून खिडकी लावून घेते.

कंडक्टर पुन्हा बसवर गेला. नवा बूट घालून पहिल्या दिवशी त्याने फोन केला, खूप छान झालाय म्हणाला, आणि मग जरा चाचरत, कमानीखाली किंचित पोकळ वाटतंय, एवढंच. मावशींनी तिथल्या तिथे खडूसला फोन लावला आणि दीड सूत जाडीचं चामडं कुठे चढवायचं हे त्याला अर्धा तास समजावलं. खडूस म्हणाला, वीट करायचीय का त्याची? मावशी म्हणाल्या, माप चुकलंय तुमचं, मान्य करा. मग तो म्हणाला, पाठवा त्याला उद्या.