आठ फुटांची चूक

जगताप सर कुणाकडेही जेवायला गेले की स्वयंपाकघराकडे पाठ करून बसत आणि फोडणीत काय काय पडलं, कोणत्या क्रमानं पडलं, हे नुसत्या वासावरून सांगत. मोहरी, मग जिरं, लसूण जरा करपलेला. बरोबर आलं की स्वारी खूश. घरी काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, मसाल्यात मुद्दाम काहीतरी भलतंच मिसळून त्यांना फसवत. फसले की ते अधिकच खूश होत. "बघा, दोन येगळ्या फोडण्या आन वास येकच. माझा समदा धंदा हितंच अडतोय," असं म्हणत.

धंदा म्हणजे गणित. आपण कारणावरून परिणाम काढायला शिकतो. सरांचं आयुष्य परिणामावरून कारण शोधण्यात गेलं. जमिनीत वीज सोडायची, वर रोवलेल्या खुंट्यांवर मोजमापं घ्यायची आणि खाली मुरूम किती, पाषाण कुठं, पाणी कुठं, हे संगणकाकडून काढून घ्यायचं. त्याच्या रीती ते रचत. परदेशात त्यांचे निबंध वाचले जात, बोलणं मात्र कळंबकडच्या वाशीजवळच्या गावचंच राहिलं. भाषणातही त्यांचं "लई" सुटलं नाही. त्याचा काही सहकाऱ्यांना त्रास व्हायचा, सरांना अजिबात नाही.

मी त्यांची शेवटची पीएच.डी.ची विद्यार्थिनी. कळंबच्या एका महाविद्यालयात सात वर्षं तासिका तत्त्वावर शिकवत होते. कायम जागेची मुलाखत सहा महिन्यांवर आली होती. तोवर पदवी हातात हवी, म्हणजे प्रबंध त्याच आठवड्यात जमा व्हायला हवा होता. माझी उत्तरं तर इतकी सुरेख आली होती की आलेख पाहून माझा मलाच हेवा वाटत होता. सरांनी ते पाहिले आणि चष्मा काढला.

"पोरी, ही मोजमापं कुठल्या रानातली?"

"रानातली नाहीत, सर. संगणकातच एक जमीन मानली, तिची मोजमापं काढली आणि त्यांवरून परत जमीन शोधली."

"काढली कशानं?"

"त्याच प्रोग्रॅमनं."

सर खदखदून हसले. "म्हंजे पेपर बी तूच काढला, सोडवला बी तूच, आन तपासला बी तूच. मार्क जातील कुठं?"

मला रडू कोसळलं. आमच्या शाखेतला हा बदनाम गुन्हा. पुस्तकात वाचला होता, तरी केला. सरांनी पाण्याचा तांब्या पुढं सरकवला. "म्या बी केलाय. पहिल्याच निबंधात. छापून बी आला. मग संपादकाला कळवलं, चुकलो म्हणून. काय मेलो न्हाय."

"सर, जागा जाईल माझी."

"जाईल. मला लई वाईट वाटंल. पर सही मी करणार न्हाय."

महिनाभर मी त्यांच्यावर चिडून होते, हे कबूल करायला हवं.

त्यांच्या धाकट्या भावाच्या, दादारावांच्या रानात नवी विहीर खणायची होती. सरांनी आमच्या खुंट्या, वायरी आणि बॅटरी तिथं नेली. दिवसभर उन्हात मोजमापं घेतली. निघालेलं उत्तर त्यांनी मला कागदावर लिहायला लावलं, खाली सही घेतली आणि कागद दादारावांच्या हवाली केला. "खणून होईस्तोवर हिला द्यायचा न्हाय. पोरगी हुशार हाय, खाडाखोड करंल."

पाषाण अठरा फुटांवर लागला. मी अठराच लिहिलं होतं. पण त्याखालचं पाणी मी बत्तिसाला लिहिलं होतं, ते लागलं चाळिसाला. माझं तोंड उतरलं, आणि सर पेढे मागवत होते.

"आठ फूट चुकली. आजवर तुझं तूच ऐकत हुतीस, आज जमीन बोलली. ही चूक का झाली ते शोध. त्योच तुझा प्रबंध."

दादाराव चक्रावले. "दादा, पाणी माझ्या हिरीला लागलं, आन पेढे हिच्या चुकीचे?"

ती जागा गेली. दुसरी मिळायला तीन वर्षं लागली. पण त्या आठ फुटांमागं लागण्यात जी मजा आली, ती गुळगुळीत आलेखांत कधीच आली नव्हती. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "आठ फुटांपर्यंत चूक होऊ शकते, असं तुम्ही छातीठोकपणे लिहिलंय. एवढी खात्री कशावरून?"

"विहिरीत उतरून मोजलं, सर."

मागच्या बाकावरून मोठ्यानं "व्हय" ऐकू आलं. मार्गदर्शकानं मध्ये बोलायचं नसतं, असा नियम आहे. पदवी मिळाली तेव्हाही मला त्या "व्हय"इतका आनंद झाला नाही.