दोन फरशा मागे

मी आयुष्यात एकच कॅमेरा दुरुस्त केला आणि त्यात मुख्याध्यापक फार सुंदर आले. फोटो आत्याचा होता.

आत्या सौंसरच्या एका शाळेत शिपाई. तीस वर्षं प्रत्येक ग्रुप फोटोला खुर्च्या तिनेच मांडल्या आणि फोटोत ती कडेला. कधी अर्धी, कधी नुसता पदर! निवृत्तीला पंधरा दिवस उरले तेव्हा म्हणाली, "मले एक फोटो पायजे. या शाळेत, खुर्चीवर बसून. पुरा!"

माझं रक्त उसळलं. (ते लवकर उसळतं, मी बाराखडी चळवळीच्या पत्रकांवरच शिकलो.) "आत्या, हा फोटो नाही, हा न्याय आहे! तो मीच करणार!"

"कर बाप्पा. फक्त माहे डोळे उघडे येऊ दे."

माझा कॅमेरा जुना, रीळवाला. त्यातून माणूस दोनदा दिसतो. लेन्स फिरवून दोन्ही प्रतिमा एकावर एक आणल्या की फोकस बरोबर. माझ्याकडे मात्र प्रतिमा जुळूनही फोटो पुसट यायचा. नागपूरचा कारागीर महिना मागत होता. या मक्तेदारीपुढे मी झुकणार? पांढुर्ण्याच्या घरी मीच पेचकस उचलला. रीत सोपी होती. लेन्स एक मीटरवर लावायची, बरोबर एक मीटरवर संत्र्याची पेटी ठेवायची, आणि पेटीच्या दोन प्रतिमांची एक होईपर्यंत आतला स्क्रू फिरवायचा. अंतर मोजायला आईच्या शिलाई मशीनवरचा टेप घेतला.

"काय करून राहिला बे?" बाबांनी विचारलं.

"क्रांती!"

"हळू कर. तुही माय झोपली हाय."

दुसऱ्या दिवशी शाळेत आत्या नव्या लुगड्यात खुर्चीवर बसली. खोलीत उजेड कमी, म्हणून लेन्स पूर्ण उघडी; अशा वेळी फोकस वीतभर चुकला तरी खेळ खलास. तेवढ्यात मुख्याध्यापक आले.

"सर, आज तुम्ही मागे उभे राहा!" मी गरजलो. बिचारे राहिले.

आठवड्याने नागपूरहून फोटो धुऊन आले, ते पाहायला आत्या आमच्या घरी आली. खुर्चीवर धुकं बसलं होतं. त्यामागे मुख्याध्यापक, मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा असे!

"हे ढगात कोन हाय?" बाबा म्हणाले.

आईने वेगळंच विचारलं. "टेप कोनता घेतला होता?"

"तुझाच."

"अरे, त्याचं टोक फाटलं म्हनून दहा सेंटीमीटर मीच कापले! मी दहापासून मोजत असते!"

म्हणजे माझा मीटर नव्वद सेंटीमीटरचा: पेटी जवळ, लेन्स तिच्या मागे रोखलेली. कॅमेरा जुळवायचा आत्याला आणि फोकस करायचा तिच्या मागच्यावर. आणि उद्या आत्याचा शाळेतला शेवटचा दिवस! मी पेचकसाकडे झेपावलो.

"हात नोको लावू!" आत्याने पेचकस कमरेला खोचला, चष्मा लावला आणि फोटोतली जमीन मोजली. "सर माह्यापासून दोन फरशा मांगं होते. ते साफ आले. मंग तू मले पाहून जुळव अन् हालू नोको. मी खुर्ची दोन फरशा मांगं घेते."

"पण आत्या, तत्त्वतः..."

"तीस वर्षं खुर्च्या सरकवून राहिली मी! तू खटका दाब."

दुसऱ्या दिवशी शाळेत तसंच केलं आणि फोटो आला. आत्या पुरी, डोळे उघडे, कपाळावरची आठीसुद्धा स्पष्ट. आता तो तिच्या बैठकीत टांगलाय. पाहुणे विचारतात, "कोणी काढला हो?"

"मीच," आत्या सांगते. "भाचा होता हाताखाली."

खोट्या दाव्याचा मी जिथल्या तिथे निषेध करतो. इथे मी गुपचूप चहा पितो.