पूल उघडा होता

वुब्बो डायकेमा खोटारडा माणूस नव्हता. उभ्या आयुष्यात तो एकच खोटं बोलला, पण ते बावीस वर्षं.

आमच्या ग्रोनिंगेन शहरात उशीर झाला की एकच सबब चालायची: पूल उघडा होता. कालव्यावरचा लोखंडी पूल घंटा वाजवत वर उचलला जाई, खालून मालाच्या बोटी जात, आणि अलीकडचे लोक अलीकडेच अडकत. वुब्बो शाळेत शिपाई होता. दर गुरुवारी शाळा सुटली की तो आणि मी कॅफेत बिलियर्ड खेळायचो. सहाला तिथल्या फोनवरून तो बायकोला सांगायचा, "पूल उघडाय गं गेस्के, तू जेवून घे." पुराव्याला म्हणून फोनजवळ त्याने पुलावर टेप केलेली कॅसेट वाजायची: घंटा, साखळ्यांचा खडखडाट आणि एका कुत्र्याचं भुंकणं. टेपरेकॉर्डर मी धरायचो, तेव्हा पापात माझाही वाटा आहे. पूल उघडा राहायचा पंधरा मिनिटं, आणि हा घरी पोचायचा आठला.

मग पूल पाडला, खालून बोगदा काढला. मला फार वाईट वाटलं. सकाळी घंटा ऐकू येईना तेव्हा शहराची वाचा गेल्यासारखं झालं. फोटो लोकांनी ढीगभर काढले होते, आवाज कुणाला सुचला नव्हता. दहा वर्षांनी संग्रहालयाने वर्तमानपत्रात विचारलं, कुणाकडे पुलाचा आवाज आहे का?

वुब्बोकडे होता.

"कॅसेट दिली तर गेस्केला सगळं कळेल," तो म्हणाला.

"मग नको देऊस."

"नाही दिली तर पुलाची घंटा माझ्याबरोबर मातीत जाईल, हार्म."

तीन आठवडे हेच रडगाणं. शेवटी मी म्हटलं, "नाव न सांगता दे, आणि माझं डोकं खायचं थांबव." त्याने दिली.

संग्रहालयातल्या पुलाच्या दालनाच्या उद्घाटनाला नेमकी गेस्के निघाली, मग आम्हालाही जावं लागलं. तिथल्या मुलीने बटण दाबलं. घंटा वाजली, साखळ्या खडखडल्या. म्हातारी माणसं डोळे पुसू लागली. वुब्बो आपल्या बुटांकडे बघत होता.

"यातलं कुत्रं कुठं गेलं?" गेस्केने विचारलं.

मुलगी गोंधळली. "ते आम्ही काढून टाकलं. पण तुम्हाला कसं माहीत?"

"बावीस वर्षं दर गुरुवारी माझ्या कानात भुंकलंय ते. इतकं जगणारं कुत्रं मी दुसरं पाहिलं नाही. परत घाला त्याला."

वुब्बो बिटासारखा लाल झाला. "तुला माहीत होतं? मग बोलली का नाहीस?"

"कशाला बोलू? फोन तर करत होतास ना."

कुत्रं परत घातलं.

वुब्बो गेल्या मार्चमध्ये गेला. गुरुवारी संग्रहालय उशिरापर्यंत उघडं असतं. सहाच्या सुमाराला गेस्के माझ्याबरोबर येते, बटण दाबते, कुत्रं भुंकेपर्यंत उभी राहते. मग पिशवी उचलून मला म्हणते, "चल हार्म, जेवून घेते मी."